तीखां आणि तिखट

नवागामच्या चाळींत उषाबाईंच्या हातचं तिखट नावाजलेलं होतं. नवरा गेल्यावर पारोळ्याकडचं गाव सोडून त्या मुलाकडे, हेमराजकडे आल्या त्या उखळ-मुसळ घेऊनच. सुरतेत आठ वर्षं झाली तरी गुजराती कानावर पडायची, तोंडात मात्र अहिराणीच.

"मासी, तमारुं मरचुं खाईने मारो वर रडे छे!" शेजारची शांताबेन चिडवायची.

"रडू दे. घास ते टाकत नही ना?" उषाबाई म्हणायच्या.

१९९४च्या हिवाळ्यात दोन वर्षांच्या नातीला, धनश्रीला खोकला धरला. हेमराज कापडगिरणीत लूमवर, सून वैशाली साड्यांना टिकल्या लावायला गेलेली. शांताबेन दारातूनच म्हणाली, "तीखां वाटीने मधमां चटाडो."

वाटून मधात चाटवायचं, एवढं उषाबाईंना कळलं; तीखां म्हणजे त्यांना वाटलं, तिखट. मधात तिखट कसं, असा प्रश्न त्यांना पडला नाही. मिरची अंगातला कफ फोडते, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. जालीम औषध लवकर लागू पडेल म्हणून त्यांनी घरच्या मिरचीऐवजी गावाकडून आलेली रानमिरची काढली. बांधावर पाखरांच्या विष्ठेतून उगवणारी, नखाएवढी. चिमूटभरच कुटून चाटवली.

पोरीचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. उषाबाईंचा ओरडा ऐकून धावत आलेल्या शांताबेनने वाटी हुंगली आणि कपाळावर हात मारला.

"आ तो मरचुं! में तीखां कह्युं, काळां मरी!"

मिरे.

दोन दिवस पोर दवाखान्यात होती. डॉक्टर मराठी होते. "आजी, हिरव्या मिरचीत लिंबापेक्षा जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. पण तिचा जाळ लहान गळ्याला विषच. रानातलीचा तर कितीतरी पट. आणि एवढ्या पोरीला मिरेही द्यायचे नव्हते."

घरी आल्यावर दोन दिवस वैशालीने पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी कामावर जायची वेळ झाली तेव्हा उषाबाईंनीच विषय काढला. "पोरले शांताबेनकडे ठेव. माले वाटनं ती तिखटच म्हनी. मन्हा भरवसा नको करू."

वैशालीने स्टूल ओढलं. मिरचीचे, मिऱ्यांचे, सुंठीचे डबे एकेक करून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले, जिथे सासूचा हात पोचत नव्हता. मग खाली उतरून धनश्रीला उषाबाईंच्या मांडीवर बसवलं.

"तिला दुपारी वरणभात द्या, आत्याबाई. नुसता."

"नुसताच," उषाबाई म्हणाल्या. फळीकडे त्यांनी पाहिलं नाही. पोरीच्या छातीवर हात ठेवून त्या श्वास मोजत राहिल्या.