कुसळवाडीचा चकवा

भोरला राजवाडा, नसरापूरला बाजार, शिवऱ्याला हमरस्ता. आणि कुसळवाडीला काय? तर चकवा. हसू नका. ज्या गावाला देवानं दुसरं काही दिलंच नाही, त्यानं मिरवायचं तरी काय? वरवे बुद्रुकची पोरं "तुमच्याकडं हाय काय रं, कुसळं?" म्हणून चिडवायची, तेव्हा कुसळवाडीचं शेंबडं पोरसुद्धा छाती काढून सांगायचं, "आमच्या माळाला चकवा हाय. ये की दुपारचा."

आणि होताच तो. गाव आणि रस्ता यांच्या मधे लांबरुंद माळ, त्यावर कुसळी गवत आणि एक वाकडी बाभळ. तिन्हीसांजेला नाहीतर टळटळीत दुपारी एखादा माणूस माळात शिरला की पायाखालची वाट सुटायची. चालतोय, चालतोय, आणि पुन्हा त्याच बाभळीपाशी. घर समोर असायचं, पण दिसायचं नाही. इतर गावांत चकवा लागला की सदरा उलटा करून घालतात, कुणी खाली बसून बिडी ओढतं. कुसळवाडीची रीत निराळी. गावातल्या कुणीतरी जायचं, चार हात लांब उभं राहायचं. नाव घेऊन हाक मारायची नाही, कारण नाव घेऊन चकवाही हाक मारतो. नुसतं विचारायचं, "गाव कुठलं?" अडकलेल्यानं स्वतःच्या तोंडानं गाव सांगितलं की डोळ्यांपुढचं उतरायचं आणि वाट दिसायची.

हे विचारायचं काम चिमाजीकडं होतं. आधी त्याचा बाप करायचा, बाप गेल्यावर तो करू लागला. या कामाचं कुणी काही देत नसे, पण चिमाजीचा तोरा पाहावा. नसरापूरच्या बाजारात मिशीला पीळ देत म्हणायचा, "आमच्या गावाचं नाव लई जागृत. नुसतं घेतलं तरी डोळं उघडत्यात." त्याची बायको ठकुबाई ते ऐकून भाजीवाल्यांदेखत कपाळाला हात लावायची.

एकदाच ते नाव चाललं नाही. म्हणजे घेतलंच गेलं नाही.

धनाजीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. त्याची बायको चंद्रा वेल्ह्याकडची. अंगावरची हळद उतरली नव्हती, हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. माळापलीकडच्या रानात नवऱ्याची भाकरी घेऊन दुपारची निघाली आणि पोचलीच नाही. सासू बोंबलत चिमाजीकडं आली. चिमाजी माळावर गेला तर पोर डोक्यावर पाटी घेऊन बाभळीभोवती फिरत होती. घामानं निथळत होती, पण पाटीला हात लावून चालायची काही थांबत नव्हती. चिमाजी चार हातांवर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "बाई, गाव कुठलं?"

ती थांबली. त्याच्याकडं बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिच्या ओठांवर काहीतरी येई आणि परत आत जाई. आता सांगा, आठवड्याच्या नव्या नवरीनं कुठलं गाव सांगायचं? जिथून उठून आली ते, की जिथली वाट अजून पायांना ठाऊक नाही ते? पण हे तेव्हा चिमाजीला सुचलं नाही. त्याला वाटलं, पोर लाजतीय. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "वेल्हं."

आणि तिचा चेहरा उजळला. समोर वाट दिसावी तशी ती झपाझप निघाली. चिमाजी बघत उभा राहिला. गाव सांगितलेला माणूस वाट चुकल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या नव्या सुनेचा हात धरायचा तर गावानं जन्मभर नावं ठेवली असती. ती माळाच्या टोकाला जुन्या दगडखाणीकडं चाललीय हे ध्यानात येऊन तो धावेपर्यंत काठावर फक्त पाटी राहिली होती. खाणीत पाणी होतं.

गाव म्हणालं, उत्तर चुकलं तिचं. धनाजीचं दुसरं लग्न झालं. चिमाजीला कुणी बोल लावला नाही, उलट त्याच्या कामाची भीती आणखी वाढली. पण त्या दिवसापासून भर दुपारी एकटा असला की त्याला बांगड्या ऐकू यायच्या. खूप नाही, दोन-चार. पाटी सावरताना वाजतात तेवढ्याच. ठकुबाईला त्यानं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तिला तरी जायला दुसरं कुठं हाय? म्हायेरचं म्हणत्यात दिली, सासरचं म्हणत्यात ऱ्हायली न्हाई."

पुढं पुणं वाढलं. सिंहगड रस्ता ओलांडून, घाट उतरून, महामार्गानं पाय पसरत ते पुणं एक दिवस कुसळवाडीच्या माळावर येऊन बसलं. कुसळाशिवाय काही न उगवणारा माळ बिल्डर घेतोय म्हटल्यावर गाव त्याच्या अकलेला हसलं होतं. मग त्या माळावर 'साउथ मेडोज' उभं राहिलं आणि हसायला गावच उरलं नाही. दुसऱ्या टप्प्यात गावठाणाच्या कडेची घरं गेली, लोक पांगले. फाट्यावरची पाटी बदलली. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा 'मेडोज गेट, मेडोज गेट' ओरडायला लागला. ठकुबाई त्याआधीच गेली होती. जायच्या आधी चिमाजीनं तिला विचारलं होतं की एवढे दिवे लागल्यावर चकवा राहील का. ती म्हणाली होती, "त्यो कशाला जाईल? त्याला काय सातबारा लागतो?"

जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये मुलगा अमृत, सून स्नेहल आणि सात वर्षांची नात शेफाली राहत होती. घर गेल्यावर चिमाजीही तिथंच आला. आला खरा, पण त्या वसाहतीचं नाव त्यानं एकदाही तोंडानं घेतलं नाही. शेफाली शाळेत "आम्ही पुण्यात राहतो" म्हणते हे कळल्यावर तो दोन दिवस जेवताना बोलला नाही. मग तिला मांडीवर घेऊन माळाच्या गोष्टी सांगू लागला. चकवा, बाभळ, चार हात लांब उभं राहणं. पोरीला तो खेळच झाला. लपाछपीत सापडलेल्याला ती विचारायची, "गाव कुठलं?" चिमाजीनं "कुसळवाडी" म्हटल्यावरच त्याला सोडायची. म्हातारा सुखावायचा. एक तोंड तरी गावाचं नाव घेतंय, एवढीच त्याची आता मिरास होती.

त्या दिवशी रोज आणणाऱ्या शेजारच्या बाई परगावी गेल्या होत्या आणि शेफालीला स्कूलबसवरून आणायला कुणी नव्हतं. अमृत सकाळीच कामावर गेलेला, स्नेहल शिरवळला कंपनीत कामाला. निघताना पायात चप्पल घालून ती दारातच घुटमळली.

"तात्या, आज शेफूला तुम्ही आणाल का? गेटवर बस येते."

"आणंन की. त्यात काय."

"परत येताना डी विंग, सातवा मजला. एकदा म्हणून दाखवा बरं."

"माज्या माळावर मला पत्ता सांगती व्हय गं?"

"तसं नाही तात्या. सगळ्या बिल्डिंगा सारख्या आहेत. मीसुद्धा सुरुवातीला चुकायचे. तुम्ही नुसतं तोंडानं म्हणा, म्हणजे मी निर्धास्त जाते."

"ते माज्या तोंडात यायचं न्हाई," चिमाजी म्हणाला. स्नेहल लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्याच्याकडं बघत होती. पोर एकटी गेटवर उभी राहिली तर काय, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. चिमाजीला त्याचा रागच आला. म्हणजे बघा, ज्यानं उभ्या पंचक्रोशीला वाटेला लावलं, त्याला पाचशे पावलांवरचं गेट सापडणार नाही?

दुपारी तो वेळेआधीच खाली उतरला. ऊन असं की सिमेंटवरून वाफा निघत होत्या आणि चिटपाखरू बाहेर नव्हतं. त्यानं मनात जुना माळ मांडला. हितं बाभळ, तिथून उगवतीकडं रस्ता. डोंगर डाव्या हाताला ठेवायचा. पण डोंगर कुठं होता? जिकडं मान वळवावी तिकडं तीच पिवळी भिंत, त्याच काचा, तेच वाळत घातलेले कपडे. तो चालत राहिला. एक पिवळी घसरगुंडी लागली. थोड्या वेळानं पुन्हा पिवळी घसरगुंडी लागली. दुसरी असेल म्हणून तो पुढं गेला. तिसऱ्यांदा लागली तेव्हा तिच्या पायरीवर पडलेला निळा बूटही तोच होता.

 उभ्या जन्मात चिमाजीला चकवा लागला नव्हता. पोर गेटवर रडत असेल, हे एकच त्याच्या डोक्यात घुमत होतं, आणि ते जितकं घुमे तितकी पावलं भरकटत.

मग बांगड्या वाजल्या.

एका इमारतीच्या कोपऱ्यावरून डोक्यावर काहीतरी घेतलेली बाई वळताना दिसली. बांधकामावरची असेल, तिसऱ्या टप्प्याचं काम चालूच होतं. पण हातात हिरवा चुडा होता, आणि ती चालत होती ती घामानं निथळत, पाटीला हात लावून. "बाई," चिमाजीनं हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटला नाही. तो तिच्या मागं निघाला. कोपरा वळला, एक लोखंडी फाटक उघडं होतं त्यातून आत गेला, आणि थांबला. बाई नव्हती. पुढं पाणी होतं. निळंशार, हलत नसलेलं. जागा त्यानं लगेच ओळखली. खाण बुजवायचा खर्च वाचवून त्यांनी तिथंच स्विमिंग पूल बांधला होता.

"गाव कुठलं?"

 चिमाजीनं मागं वळून पाहिलं तर फाटकाच्या आत, बरोबर चार हात लांब, पाठीवर दप्तर घेतलेली शेफाली उभी होती. बसवाल्या मावशींनी तिला गेटवरच्या वॉचमनकडं सोपवलं होतं. दोघं म्हाताऱ्याला शोधत आले होते, आणि वॉचमन अजून मागं धापा टाकत येत होता. आजोबांचं तोंड पाहूनच पोरीनं ओळखलं होतं की यांना लागलाय. म्हणून तिनं 'आबा' म्हणून हाक मारली नव्हती. शिकवल्याप्रमाणे नुसतं विचारलं होतं.

"कुसळवाडी," चिमाजी म्हणाला.

आणि डोळ्यांपुढचं उतरलं. भिंती गेल्या. डोंगर जागेवर आला. वाऱ्यानं कुसळं एका अंगाला झुकली होती, आणि त्यांच्यातून पांढरी पायवाट थेट गावापर्यंत गेली होती. चावडी दिसत होती, त्याच्या घराचा उंबरा दिसत होता, आणि उंबऱ्यात ठकुबाई सुपात काहीतरी पाखडत होती. किती वर्षांनी असं लख्ख दिसत होतं. त्याचा चेहरा उजळला. उजळलेला त्याचा त्यालाच कळला, आणि त्याच क्षणी त्याला उमगलं की चंद्रानंही हेच पाहिलं होतं. असंच तिचं वेल्हं, अशीच वाट. तरीही त्यानं पाऊल उचललं. इतकं ते समोर होतं.

एक लहानसा, घामेजलेला हात त्याच्या हातात घुसला आणि त्यानं मागं ओढलं.

"चुकलं तुमचं उत्तर," शेफाली रडवेली होऊन म्हणाली. "तसं नाही आबा. डी विंग म्हणा."

चिमाजीच्या ओठांवर काहीतरी येई आणि परत आत जाई. ठकुबाईनं सूप खाली ठेवलं होतं आणि ती डोळ्यांवर हात धरून वाटेकडं बघत होती.

"म्हणा ना आबा."

"डी विंग," चिमाजी म्हणाला.

वाट मिटली. डोंगर, उंबरा, सगळं गेलं. पायाच्या बोटांपुढं वीतभर फरशी होती आणि तिच्यापुढं पाणी. समोर 'डी विंग'ची पाटी स्वच्छ वाचता येत होती, बाणासकट. चिमाजी मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गाव आता कायमचं गेलं, आणि ते आपल्याच तोंडानं गेलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

वॉचमननं पाणी दिलं. मग तिघं निघाले, वॉचमन गेटकडं वळला आणि आजोबा-नात पुढं गेले. शेफालीनं त्याचा उजवा हात सोडला नव्हता. थोडं चालल्यावर तिनं पाहिलं, आबांचा डावा हातही मोकळा नव्हता. म्हणजे मोकळाच होता, पण मागं धरलेला, बोटं वळवलेली.

"तो हात कुणाला दिलाय आबा?"

"हाय एक," चिमाजी म्हणाला. "तिचा कुणी धरला न्हाई. लई दिवस फिरतीय बिचारी."

"तिचं गाव कुठलं?"

 वेल्ह्यानं तिला परत घेतलं नव्हतं, कुसळवाडीनं आपली म्हटलं नव्हतं, आणि आता कुसळवाडीही उरली नव्हती. ही जागा मात्र कुणाच्याच बापजाद्याची नव्हती. इथं कुणी विचारणार नव्हतं, तू कुणाची कोण.

लिफ्ट आली. शेफाली आत शिरून बटणापाशी टाचा उंचावून उभी राहिली. चिमाजी दार हातानं अडवून बाहेरच थांबला, आणि रिकाम्या लॉबीकडं बघून दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, डी विंग म्हण. सातवा मजला."

मग तो आत आला. दार मिटलं, लिफ्ट वर निघाली, आणि त्याच्या डाव्या हाताशी बांगड्या वाजल्या.