बशीतली वाइन

लेकीने अर्जेंटिनाहून वाइन आणली. उंच डोंगरातली मालबेक द्राक्षं, जोडीला थोडी दुसऱ्या जातीची आणि करायची रीत फ्रान्सची.

“म्हणजे माहेर डोंगरातलं, वळण सासरचं,” बायको म्हणाली आणि चहासारखी वाइन बशीत ओतून घेतली.

“आई, बशीत काय?” लेक हसली. पण पसरट बशीत वारा लागून वाइनला असा काही वास सुटला की तीच पुढे वाकली.

बायको जावळीच्या डोंगरातली. आमच्या घरच्या सगळ्या रीती तिने उचलल्या, बशी तेवढी सोडली नाही. डोंगरातलं ऊन सोसून द्राक्षाची साल जाड होते म्हणे. मग रीत कुठलीही लावा, चवीत डोंगर राहतोच.

मी ग्लास बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघरातून दुसरी बशी घेऊन आलो.