ओठावरचे ठिपके

डॉक्टरसाहेबांनी पेनाच्या टोकानं माझा खालचा ओठ उलटा केला. आतले काळे ठिपके विद्यार्थ्यांना दाखवले. पोटावरची चादर आधीच बाजूला ओढलेली. चार-पाच मोबाइल वर झाले.

"देखो, ऐसा केस बार-बार नहीं मिलता."

मी विचारलं, "डॉक्टरसाब, मला काय झालंय?"

ते विद्यार्थ्यांकडे बघूनच बोलले, "हॉस्टल में झाड़ू लगाती है. इसको क्या समझाएँ."

कुणीतरी हसलं.

खरंय. भंवरकुआं भागातल्या मुलींच्या हॉस्टेलात मी झाडू मारते. अंगावरून सारखं जायचं म्हणून तिथल्याच मुलींनी मला इस्पितळात पाठवलं. दोन्ही अंडाशयांत गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं. कागद सगळे इंग्रजीत.

हे ठिपके आईलाही होते. बाई शाळेत मला नळावर न्यायच्या, साबणानं ओठ घासायला लावायच्या. रक्त आलं तरी. "तुमच्या लोकांत घाणच फार." मी घासत राहायची. आई पोट धरून ओरडत मेली. कुणी काही सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब परत टोळी घेऊन आले, कालचे विद्यार्थी आणि काही नवे. "चादर हटाओ."

मी चादर मुठीत धरली.

"नाही. पहले बीमारी का नाम बताओ. आणि कालचे फोटो मिटवा."

मूठ सोडली नाही.

"नेता बन गई," म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी कालच्या विद्यार्थ्यांतली एक मुलगी एकटीच परत आली. आधी मोबाइलमधला फोटो माझ्यासमोर काढून टाकला. मग स्टुलावर बसली.

"दीदी, गठान कैंसर की नहीं है." पण हा आजार जन्माचा, आईकडून आलेला, असं तिनं सांगितलं. ठिपके ही त्याची खूण. आतड्यातही गाठी होतात, आतडं अडकतं, माणूस जातो. आई तशीच गेली असणार. वेळेवर तपासलं तर वाचता येतं.

"बच्चे हैं आपके?"

मुलगी आहे. आठ वर्षांची. तिच्या ओठावर चार ठिपके. मी रोज लिंबू चोळायची. ती रडायची, तरी चोळायची.

मी त्या विद्यार्थिनीकडून आजाराचं नाव हिंदीत लिहून घेतलं. पाठ केलं. बाकीचे फोटो मिटवावेत म्हणून तिच्याकडूनच अर्ज लिहून घेतला आणि इस्पितळातून सुट्टी मिळाली त्या दिवशी स्वतः तिथल्या ऑफिसात दिला. पोच घेतली.

सोमवारी लेकीला तपासणीला नेतेय. काय करणार ते डॉक्टरनं आधी तिला सांगायचं, तिला कळेल असं. जो सांगणार नाही, त्याच्या टेबलावर ती झोपणार नाही.