नाकारलेली दुर्बीण
तापलेल्या रबराचा वास आला की ती दुर्बीण आठवते. नेमबाजीच्या सरावात कागदावरची भोकं बघायला सरांना एक दुर्बीण घ्यायची होती. दोन मागवून त्यांनी सड्यावर, गावामागच्या उघड्या कातळमाळावर, मांडल्या आणि म्हणाले, “लांबचं बघ, मग सांग.” पहिलीचं उन्हात तापलेलं रबर डोळ्याला टेकवलं आणि तिच्यातून पलीकडच्या सड्यावरची गवताची काडीन्‌काडी दिसली. तिथे माझे काका जमीन घ्यायला आलेल्या कंपनीच्या मोजणीवाल्यांना गावच्या जमिनीची हद्द दाखवत होते. जमीन देणार नाही, अशी पत्रकं काकांनी आणि मीच घरोघर वाटली होती. “काय गो, दिसतंय ना नीट?” सरांनी विचारलं. “धूसर आहे,” मी म्हणाले. सरांनी दुसरी घेतली. पुढच्या पत्रकाखालीही मी काकांचंच नाव लिहिलं. जमीन गेली तेव्हा गावाने कंपनीला शिव्या घातल्या. मीही घातल्या, अजून घालते, जरा जास्तच मोठ्याने.