घरमालकीणबाईंचे जळालेले पूर्वज

मेलेल्या माणसांवर आमच्या कोलोनच्या घरमालकीणबाईंइतकं मनापासून रागावणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही. जिवंतांशी त्या सौम्य वागतात. जिना झाडायची आमची पाळी चुकली, तर दारावर एक चिठ्ठी चिकटवून गप्प बसतात. पण तीनशे वर्षांपूर्वी ऱ्हाईनकाठचं गाव सोडून, मिसिसिपीच्या मुखाशी फ्रेंचांनी नव्याने वसवलेल्या वसाहतीत गेलेले त्यांचे पूर्वज त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. प्रत्येकाची वेगळी फाइल, फाइलच्या पाठीवर नाव. एक जण आबमेल्डुंग, म्हणजे गाव सोडत असल्याची नोंद, गावच्या कुठल्याच वहीत न करता निघून गेला होता. "आबमेल्डुंग न करता माणूस गाव सोडतोच कसा?" असं त्या मला विचारत, जणू तो वरच्या मजल्यावरचा भाडेकरू होता. दुसऱ्याचं नाव फ्रेंच पाद्र्याने तीन लग्नांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. त्याच्याविषयी त्या एवढंच म्हणाल्या, "तीन बायका केल्या, पण स्पेलिंग एकदाही तपासलं नाही."

या गोतावळ्यात मी शिरलो तो माझ्या थापेमुळे. घर मिळावं म्हणून मला फ्रेंच येतं असं मी सांगितलं होतं. खरं म्हणजे पुण्यात कॉलेजात असताना फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, एवढंच. चावी दिली त्याच रविवारी बाईंनी केकच्या बशीशेजारी चर्चच्या जुन्या नोंदींच्या प्रती ठेवल्या. "हेर इंजेनिअर," त्या मला हुद्द्यानेच हाक मारत, "वाचा." लग्नांच्या नोंदींत नवरानवरीच्या वडिलांच्या नावाआधी बरेचदा एक शब्द येई, 'फ' (feu). मला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता, आग. मी म्हणालो, "हे आगीत गेलेले दिसतात." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढच्या रविवारी आणखी एक आगीत गेला. वर्षभरात अकरा गेले.

तेव्हापासून नाताळातसुद्धा त्यांच्याकडे मेणबत्ती लागली नाही. आमच्या छतावरचा धुराचा अलार्म तपासायला त्या महिन्यातून दोनदा शिडी घेऊन येत. फोडणीने तो वाजला की धापा टाकत दारात उभ्या राहत आणि माझ्या बायकोला म्हणत, "माफ करा, आमच्या घराण्यात हे आहे."

मग माझी मुलगी शाळेत फ्रेंच शिकू लागली. एकदा सहज तिला मी तो शब्द विचारला. मी मराठीत विचारलं, ती नेहमीसारखी जर्मनमध्ये उत्तरली, "आग. पण नावाआधी असेल तर फेर्श्टोर्बन, बाबा." मृत. म्हणजे आपलं 'कै.'. आपण कै. लिहितो तसं ते लोक 'फ' लिहीत. जळालं कुणीच नव्हतं.

हे मी चार महिने बाईंना सांगितलं नाही. घर जाईल अशी भीती वाटत होती, असं मी बायकोला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. परक्या देशात माझ्यासाठी दर रविवारी कुणी खुर्ची ओढून ठेवत होतं आणि ती मला सोडवत नव्हती.

शेवटी एका रविवारी बाईंनी गावच्या चर्चमध्ये लावायच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला. आगीत गेलेल्या अकरा जणांच्या स्मरणार्थ.

"बाई, कुणी जळालं नाही," मी म्हणालो. "मी चुकीचं वाचलं."

"म्हणजे नुसतेच मेले?"

"हो. नुसतेच."

"अंथरुणात?"

"काही जण तरी."

"आणि तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"चार महिने झाले."

बाईंनी फाइली खाली काढल्या, खोडरबर आणलं आणि म्हणाल्या, "वाचा. या वेळी नीट." मी एकेक नाव वाचत गेलो. त्या 'आगीत' हा शब्द खोडायच्या, कागदावरचे कण फुंकरायच्या आणि पुढच्या नावाची वाट पाहायच्या. अकरावं नाव होईपर्यंत बाहेर संध्याकाळ झाली होती.

बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. एकट्या राहतात. मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "मग मीही तशीच जाईन ना, हेर इंजेनिअर? अंथरुणात?"