पाण्याची तपासणी

आमच्या सोनपेठच्या घरात दोन पक्ष नांदत होते. सासरे, म्हणजे आमचे मामा, सरकारच्या बाजूचे आणि त्यांचे धाकटे भाऊ विरोधातले. विद्यापीठाच्या नामांतरावरून दोघं भांडून भांडून दमले, तोवर गर्भाच्या तपासणीचा नवा कायदा आला. झालं! ओसरीवर पुन्हा तोंडाचे पट्टे सुरू. मला ऐकायला लय मजा यायची, खोटं कशाला बोलू?

पण या वेळी जिवावरचं होतं. माझ्या थोरल्या जाऊबाईला चौथ्यांदा दिवस गेले होते. तिसऱ्या पोरीच्या वेळी रक्त जाऊन ती मरता मरता वाचलेली. परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे ठेवू नका, हिच्या जिवाला धोका आहे. आणि उशीर केलात तर मलाही काही करता येणार नाही." पण मामांच्या होकाराशिवाय आमच्या घरातून पाऊल निघत नसे, थोरल्या भाऊजींचंसुद्धा.

मामा म्हणाले, "कायद्यानं बंदी हाय. आता पोट पाडायचं न्हाई."

"पाडायला न्हाई हो बंदी," मामांचे धाकटे भाऊ उसळले. "पाण्याची तपासणी बंद केलीय."

चुलीपुढं आत्याबाई, आमच्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "आता गं बया! मग हिरीत पावडर टाकायला येतो त्यो येणार न्हाई का?"

मला हसू आवरेना. 'गर्भजल' कुणाच्या तोंडात बसेना म्हणून सगळे नुसतं पाणी म्हणायचे, आणि पाणी म्हटलं की आमच्या लोकांना विहीरच आठवणार. मी दाराआडून म्हटलं, "आत्या, ते पोटातलं पाणी. पोरगा का पोरगी ते बघायचं."

मामांनी शब्द उचलला. "तेच म्हणतो मी! बघता येत न्हाई, मग न बघता पाडायचं कसं? पोरगा असला तर?"

भाऊजी पायाचा अंगठा बघत बसले. माझं डोकं असं तापलं! पण मी तोंड उघडायच्या आधी आत्याबाईच पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"आन ही मेली तर? तिन्ही पोरी तुमी सांभाळणार? सोताचं धोतर सापडत न्हाई तुमाला!"

तेवढ्यात जाऊबाई बोलली. मोठ्यांपुढं ती कधी बोलायची नाही. "आत्या, मी उद्याच्या यष्टीनं परभणीला जायलेय."

तिनं विचारलं नाही, सांगितलं. सोबत मी गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत घेऊन तिची मर्जी विचारली आणि सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी परतताना स्टँडवर आम्ही दोघींनी गरम भजे खाल्ले. घरी आलो तर दोघं भाऊ ओसरीवर तोच कायदा चघळत बसलेले.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. पावडरवाल्याची आठवण निघाली की अजून पोट धरून हसतो. बरं चाललंय आमचं.

परभणीहून परतलो त्याच आठवड्यात शेजारची काकू आली होती, तेही अजून आठवतं. जाऊबाई उन्हात बसून धाकट्या पोरीची वेणी घालत होती. काकूनं हळूच विचारलं, "काय व्हतं गं? पोरगं व्हतं का?"

जाऊबाईनं वेणीवरून मान वर केली नाही.

"मरणारी मी व्हते, काकू," ती म्हणाली.