बंधूंनो, या ज्योतीत तुमचाही वाटा आहे!

आमच्या खाणावळीतलं वरण जेवणाऱ्या मुलांच्याच मदतीनं शिजतं, हे सत्य लातूरला सर्वप्रथम मी सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

भूकंपात मुरुडकडच्या आमच्या घराला तडे गेले, तेव्हा माय मला घेऊन लातूरला आली. इथं गल्लोगल्ली क्लास उघडत होते आणि डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरत होती. मायनं शेड टाकून खाणावळ काढली. तिच्यावर आमचं घर चालायचं आणि माझं कॉलेजही. सिलिंडर मात्र कधी वेळेवर यायचा नाही.

मी जयंतीच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली मुलगी. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, एवढंच मला ठाऊक! (एकदा मायनं वांग्यात मीठ जास्त टाकलं, तेव्हाही काढलं होतं.) जमिनीतून तेल उपसणाऱ्या बड्या कंपन्यांना धडा शिकवायचा म्हणून मी मायच्या मागं लागून परसात गोबरगॅस बांधून घेतला. शेण शेजारच्या चाँदबी खालाच्या म्हशींचं. शिवाय गवंड्याच्या सल्ल्यानं जेवायला येणाऱ्या पोरांसाठी बांधलेल्या संडासाचा पाइपही त्याच टाकीत सोडला.

"हे कुणाला बोलू नको," माय म्हणाली.

"जनतेपासून लपवायचं?"

"जनता जेवायली तवर तरी लपव!"

निळी ज्योत, मऊ भाकरी, कुणाची तक्रार नाही. मलाच चैन पडेना. शेवटी मी गुलाबी कागदावर पत्रकांचा गठ्ठा छापून आणला आणि दुपारी प्रत्येक ताटाखाली एकेक ठेवलं. मथळा होता, 'बंधूंनो, या ज्योतीत तुमचाही वाटा आहे!'

पंगतीत बसलेल्या उमरीच्या सोपाननं ते वाचलं. घास हातातच राहिला.

"ताई, वाटा म्हंजे?"

मी अभिमानानं पाइप दाखवला. साऱ्या पंगतीनं आधी पाइपकडं पाहिलं, मग शेगडीकडं, मग वरणाकडं.

"तरीच! काल वरणाला वास येऊन राहिला होता," पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

"तो हिंग व्हता, मुडद्या!" माय आतून ओरडली.

"अरे, जंतू टाकीत राहतात, शेगडीत फक्त गॅस येतो!" मी म्हणाले. "तुम्ही डॉक्टर होणार ना?"

"ते खरं हाय ताई," ताट सरकवत सोपान म्हणाला, "पण आता कळलं ना!"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भाकरी उजेडात धरून, हुंगून, उलटीपालटी करून तपासली जाऊ लागली. निम्मी पोरं समोरच्या खाणावळीत गेली. उरलेल्यांनी आमच्या संडासावर बहिष्कार घातला! (हा शब्द त्यांना मीच शिकवला होता.) "आमचा वाटा आमच्यापाशीच असू द्या," म्हणत ती क्लासकडं पळायची. त्यात कुणीतरी शेणाला नावं ठेवली, ते खालाच्या कानावर गेलं.

"मेरे भैंसां का नाम कायकू खराब कर रैं?" म्हणून तिनं शेणच बंद केलं.

टाकी उपाशी, ज्योत मिणमिणती, भाकरी कच्ची. कच्च्या भाकरीनं सोपानचं पोट दुखलं. "बघा! जंतू!" तो गल्लीभर सांगत सुटला. रविवारी पंगतीला मी एकटीच.

"असंच चाललं तर गावाकडं जाऊ," माय म्हणाली. "फुटक्या भिंती वाट बघायल्यात."

मी हादरले आणि ताबडतोब दुसरं पत्रक लिहायला बसले, 'अफवांवर विश्वास ठेवू नका!' (अफवा मीच छापली होती, हे लिहिताना ध्यानात आलं.) मायनं हातातलं पेन काढून घेतलं आणि मला मटण आणायला पिटाळलं.

थोड्या वेळानं रश्श्याचा वास गल्लीत फिरला. समोरची पोरं अर्ध्या ताटावरून उठून आमच्या दारात आली. मागोमाग खालाही आली.

"माय, हे कशावर शिजायलंय?" उंबऱ्याबाहेरूनच सोपाननं संशयानं विचारलं.

"चुलीवर."

खोटं! आमच्याकडं सरपण कुठून येणार? पोरांची अशी फसवणूक? सत्य उघडं पाडायला मी परसात धावले. तिथं खरोखरच तीन दगडांची चूल धडधडत होती. वर आमच्या कुंपणाच्या तुराट्या आणि खाली उरलेली गुलाबी पत्रकं!

मी मुकाट्यानं परतले, तोवर सोपान नळी चोखत होता.

"माय, रोज चुलीवरच ना?"

"कुंपण एकच हाय. उद्यापास्नं गॅसवर. खायाचं तर खा, न्हाई तर जा तिकडं."

"रस्सा असाच?"

"हाव."

"मग शिजू द्या कशावर बी!"

खाला पहिल्याच वाटीला विरघळली. "गोबर कल भेजती," म्हणाली. रस्सा तिखटजाळ होता, त्यामुळं सकाळी आमच्या संडासापुढं रांग लागली आणि बहिष्कार आपोआप मोडला. हळूहळू ज्योत पुन्हा निळी झाली.

एके दिवशी शेगडीपुढं भाकऱ्या थापता थापता माय म्हणाली, "पुढचं पत्रक कधी काढतीस गं?"

मी हरखले. जन्मात पहिल्यांदाच तिनं विचारलं होतं!

"कशाबद्दल लिहू?"

"कशाबद्दल बी लिही. कागद तेवढा जाड आण. मागच्या वेळी मटण जरा कच्चंच राहिलं."